देव घाट चढून आला

प्रश्न : सहावीतल्या लेकीला घेऊन टाउन हॉलचं संग्रहालय बघायला गेले होते. तिथला ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन बघून तिनं विचारलं, ‘आई, कोल्हापूरला समुद्र कुठाय?’ मला उत्तर सुचेना. शिवाय एवढ्याशा मूर्तीचं इतकं कौतुक कशासाठी?
– एक आई, कसबा बावडा

उत्तर : ताई, लेक हुशार आहे. मी त्या मूर्तीपासून हाकेच्या अंतरावर वाढले, पण हा प्रश्न मला चाळिशी उलटल्यावर पडला.

मूर्ती वीतभरसुद्धा नाही. कांस्याची. दाढी आहे, अंग उघडं, एक हात वर. त्या हातातला त्रिशूळ कधीच गेलाय, त्यामुळं ओळख पटत नाही. माझी आत्ती पहिल्यांदा बघून म्हणाली होती, ‘कोण साधूबाबा गं, आंघोळीला निघालेला?’

तो सापडला ब्रह्मपुरीत, पंचगंगेकाठच्या टेकाडावर. 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळातली विटांची घरं उजेडात आली. शिशाची नाणीही मिळाली. त्यांच्यावर धनुष्यबाण आहे. म्हणजे दोनेक हजार वर्षांपूर्वी इथं चांगलं नांदतं गाव होतं, आणि गावात पैसा होता. त्या काळी तांबड्या समुद्रातून निघालेली रोमन साम्राज्याची जहाजं मोसमी वारा धरून आपल्या किनाऱ्याला लागायची. सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं. जहाजांतून दारूचे रांजण यायचे, धातूच्या वस्तू यायच्या, आणि जाताना आपलं कापड जायचं. किनाऱ्यावर उतरलेला माल घाटवाटांनी वर चढायचा. लेकीला सांगा, देवसुद्धा असाच घाट चढून आला.

आता कौतुकाचं. मूर्ती देखणी आहेच, पण तिचं खरं मोल तिच्या पत्त्यात आहे. कुठल्या मातीतून, कशासोबत निघाली हे माहीत आहे, म्हणून ती रोमशी झालेल्या व्यापाराचा पुरावा ठरते. तीच एखाद्या भंगारवाल्याकडं मिळाली असती, तर शोकेसमधली बाहुली.

हे मी स्वतःची लाज सांगून म्हणते. लहानपणी आम्ही पोरं पावसानंतर ब्रह्मपुरीच्या उतारावर जायचो. माती वाहून गेली की खापऱ्या उघड्या पडायच्या. त्यांचीच लगोरी. सगळ्यात वरची खापरी माझी, तांबडी, नखानं घासली तरी चरा न उठणारी, एका कडेला गोल वळण असलेली. कुणाच्या तरी वाटीचा काठ असणार तो. चेंडूनं फुटली, आणि मी दुसरी शोधायला धावले.

(जाताजाता, ती इमारतही बघा. 1872 ते 1876 मध्ये बांधलेली, मांट या इंग्रज वास्तुकाराच्या आराखड्याची. न्यू पॅलेसचा आराखडाही त्याचाच. लोक सीपीआर दवाखान्यात पेशंट बघायला येतात आणि समोरच्या बागेत डबा खाऊन परत जातात, आत कुणी डोकावत नाही.)

प्रश्न : गावाकडं पाया खणताना तांब्याची हिरवट नाणी निघाली. चिंचेनं घासून काढू का?
– एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : अजिबात नको, भाऊ. चिंचेनं हिरवा थर जाईल आणि त्याच्यासोबत अक्षरंही जातील. पितांबरी, राख, लिंबू यांचंही तेच. चिकटलेल्या मातीसकट कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. किती खोल, कुठल्या कोपऱ्यात, सोबत मडकं-बिडकं होतं का, हे आजच वहीत लिहा, उद्या विसराल. जमिनीत सापडलेलं धन दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल, तर 1878 च्या कायद्यानं कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. तेवढं आधी करा. मग हवं तर फोटो घेऊन टाउन हॉलला जा. फोटोत बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो.