गप्पीच्या मागे लाल धागे दिसतायत?

मित्रा, गप्पी मासा स्थिर असताना मागून लाल धागे लोंबतात आणि तो पोहायला लागला की आत ओढले जातात, तर तो बहुधा कॅमालॅनस, म्हणजे आतड्यातला कृमी. चिमट्याने ओढू नकोस, आतडं फाटेल. प्राझिक्वांटेलही आणू नकोस. ते चपट्या कृमींचं औषध, हा गोल कृमी. इथे लेव्हामिसोल लागतं: लिटरला 2 मिलिग्रॅम, म्हणजे 100 लिटर पाण्याला 200. वाळू-दगडांची जागा वजा करून मोज. उजेडात ते निकामी होत जातं, म्हणून दिवा बंद आणि टाकीवर चादर. 24 तासांनी सायफनने तळ अगदी कानाकोपऱ्यातून साफ कर, कारण कृमी मरतीलच असं नाही, लुळे होऊन बाहेर पडतात. (पहिल्या वेळी मी इथेच आळस केला आणि सगळं पुन्हा करावं लागलं.) मग बरंचसं पाणी बदल. तीन आठवड्यांनी परत डोस.

लेव्हामिसोलसाठी गुरांचं औषध घेणार असशील तर बाटलीवरचे घटक वाच; सोबत ऑक्सिक्लोझानाइड (दुसरं कृमिनाशक) असेल तर नकोच. शेड्यूल एचमधलं औषध चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, तेव्हा दुकानदाराशी हुज्जत घालण्यापेक्षा पशुवैद्यांना माशाचा फोटो दाखव. आणि ‘असू दे’ म्हणून अँटिबायोटिक टाकू नकोस, कृमींना त्याने काही होत नाही.