जायला साडेसहा तास, यायला चोवीस

"मुलगा इतका लांब. इथे काही झालं तर वेळेवर पोहोचेल का हो?" बडोद्यात समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून हा प्रश्न किती आईवडिलांनी विचारला असेल, मोजलेलं नाही.

दांडिया बाजारातल्या एका काकूंनी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) पहिल्याच भेटीत पर्समधून वही काढली. मुलगा न्यूयॉर्कला. गेल्या जूनमधल्या त्याच्या तिकिटांच्या वेळा वहीत उतरवलेल्या. मुंबईहून रात्री दीडला निघाला, सकाळी आठला तिकडे. येताना रात्री नऊला निघाला, दुसऱ्या रात्री साडेआठला मुंबई. खाली हिशेब: जायला साडेसहा तास, यायला जवळजवळ चोवीस.

"बघा ना, लांब जायला त्याला वेळच लागत नाही. माझ्याकडे यायलाच लागतो."

मला हसू आलं नाही. रात्री अडीचला धडधडून उठणाऱ्या बाईचा हिशेब होता तो.

दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. ते साडेनऊ जाताना मिळवले, येताना वजा केले, तर जायला सोळा तास निघाले आणि यायला चौदा. उलटंच! खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. येताना ते विमानाच्या पाठीशी असतात, जाताना तोंडावर. काकूंनी पेन्सिलीने दोनदा ताळा करून पाहिला.

पुढच्या खेपेला त्या माळ्यावरचा, मुलाच्या शाळेतला पृथ्वीचा गोल घेऊन आल्या. गजऱ्याचा दोरा मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत ताणला, तर तो थेट स्वीडन-नॉर्वेवर चढला आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला लागून खाली उतरला. साडेबारा हजार किलोमीटर. विमान दर वेळी नेमकं त्याच रेषेवरून जातं असं नाही, पण काकू खूश होत्या.

तिथेच थांबले असते तर ती फसवणूक झाली असती. चौदा तास नुसते हवेतले. तिकीट मिळायला हवं, तीन तास आधी विमानतळावर, मुंबईत सामान, शिवाय बडोद्यापर्यंतचे चारशे किलोमीटर. दोघींनी मिळून दीड दिवस धरला.

"म्हणजे पहिला दीड दिवस तो नाहीच."

"नाही."

अशा वेळी पूर्वी मी घाईघाईने धीर द्यायचे. आता गप्प बसते. बऱ्याच वेळाने काकूंनीच वहीचं नवं पान उलटलं. 108 नंबर. कारेलीबागेतला भाचा. काकांच्या गोळ्यांची यादी फ्रिजच्या दारावर. आणि घराची एक किल्ली समोरच्या भाभींकडे.

अडलं ते किल्लीपाशी. बावीस वर्षांत त्यांच्याकडे विरजणसुद्धा मागितलं नव्हतं म्हणे! दोन आठवडे त्यात गेले. शेवटी पुरणपोळ्यांच्या डब्यावर ठेवून किल्ली दिली. भाभी काही न बोलता आत गेल्या आणि स्वतःच्या घराची किल्ली घेऊन आल्या. त्यांची मुलगी मेलबर्नला असते.