उष्टी कुणी काढायची?

प्रिय अर्णव,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. पोहण्याच्या परीक्षेबद्दल दोन ओळी आणि भांडी घासण्याबद्दल पाऊण पान! तू विचारलंयस, "इथे जेवण झालं की आम्ही मुलगेच टेबल पुसतो, खरकटं काढतो, भांडी घासतो. साताऱ्याला आजी मला माझं ताटसुद्धा उचलू देत नाही. मराठी मुलगे काम करत नाहीत का?" तुमच्या त्या तळ्याकाठच्या अमेरिकन उन्हाळी कॅम्पात फोन बंद, म्हणून हे सगळं कागदावर लिहिते आहे. जरा लांबेल.

आधी तुझा एक गैरसमज काढते. अमेरिकन मुलगे पहिल्यापासून भांडी घासत आलेत असं तुला वाटत असेल, तर तसं मुळीच नाही. त्यांना कुणीतरी मुद्दाम घासायला लावली, आणि त्याचा इतिहास तुझ्या तळ्यापासून फार लांबचा नाही.

मुलांना उन्हाळ्यात तंबूत नेण्याची सुरुवात कनेक्टिकटमधले एक शिक्षक फ्रेडरिक गन यांनी केली असं मानतात. 1861 साली यादवी युद्ध पेटलं होतं, मुलांना सैनिकांसारखं राहायची हौस होती. गन त्यांना चाळीसेक मैल चालवत समुद्रकाठी घेऊन गेले. पण तुझ्या प्रश्नाशी जास्त संबंध आहे तो अर्नेस्ट बाल्चचा. डार्टमथ कॉलेजात शिकणारा हा तरुण 1881 साली न्यू हॅम्पशरच्या स्क्वाम तळ्यातल्या एका बेटावर मोजकी मुलं घेऊन राहिला. कॅम्पचं नाव चोकोरुआ. त्या काळी पैसेवाली कुटुंबं उन्हाळाभर मोठमोठ्या हॉटेलांत मुक्काम ठोकायची. मुलांच्या हाताला काम नाही, बूट पुसायलासुद्धा नोकर. बाल्चला हे बघवेना. त्यानं बेटावर नोकर ठेवायचेच नाहीत असं ठरवलं. स्वयंपाक, भांडी, झाडलोट, होड्यांची देखभाल, सगळं मुलांनी पाळी लावून करायचं. खिशातले पैसे सगळ्यांना सारखेच, मग बाप कितीही श्रीमंत असो. जास्त हवेत तर कॅम्पातलंच काही काम अंगावर घेऊन कमवायचे. मुलांची स्वतःची बँकसुद्धा होती. मला ही बँक फार आवडते. बापाचं नाव तिथे वटत नव्हतं.

चोकोरुआ 1889 मध्ये बंद पडला. पण तळं, होड्या, लाकडी खोल्या, पाळ्या हा साचा टिकला आणि न्यू इंग्लंडभर, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत, पसरला. सम्नर डडली 1885 साली सात मुलांना घेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या ऑरेंज लेकवर गेला; तो कॅम्प पुढे शँप्लेन तळ्याकाठी हलला, डडलीच्या मृत्यूनंतर त्याला त्याचं नाव मिळालं, आणि तो आजही चालू आहे. तिथे प्रत्येक मुलाला एक नंबर मिळतो, तो जन्मभर त्याचाच. ब्रीद असं, की आधी दुसरा, मग आपण. म्हणजे तुमच्या जेवणघरात भात आधी शेजारच्याला वाढायचा नियम आहे ना, तो काही तुमच्या काउन्सेलरच्या डोक्यातून निघालेला नाही.

आता दुसरी बाजू. हे कॅम्प काढणाऱ्यांना एक धास्ती होती, की शहरातले मुलगे आया आणि शिक्षिकांच्या हाताखाली वाढून मऊ पडतायत. म्हणजे तुला माझ्यापासून वाचवायला ही तळी शोधली गेली! मुलींचेही कॅम्प निघाले, पण थोडे मागाहून. लॉरा मॅटूननं विनिपसॉकी तळ्याकाठी केहॉन्का काढला तो 1902 मध्ये. शिवाय सुरुवातीचे हे कॅम्प बहुतेक गोऱ्या, ख्रिस्ती, खात्यापित्या घरांसाठी होते. नावं मात्र घेतली मूळनिवाशांची, ज्यांच्याकडून ती तळी गेली होती. हेही तुझ्या कॅम्पच्या इतिहासात धर.

आता साताऱ्याकडे ये.

तू ज्या घरात आजीच्या हातचं आयतं जेवलास, त्याच गावात 1924 साली भाऊराव पाटलांनी मुलांसाठी एक बोर्डिंग काढलं. खेड्यांतली गरीब मुलं, सगळ्या जातींची, एका छपराखाली. त्या काळी कोल्हापुरातसुद्धा वसतिगृहं जातवार होती, तेव्हा एका पंगतीत सगळ्यांना बसवणं म्हणजे काय ते तुला इतक्या लांबून कळणार नाही. मुलं पाणी भरायची, दळायची, शेतात राबायची, आणि शिकायची. पैसे संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. 1927 मध्ये गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. स्वावलंबन हा शब्द भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळांच्या भिंतींवर आजही असतो.

बाल्च आणि भाऊराव, दोघांनीही मुलांना कामाला लावलं. पण बाल्चच्या मुलांना काम करायची गरज नव्हती, म्हणून त्यानं गरज तयार केली. भाऊरावांच्या मुलांना ती आयतीच होती. त्यांनी तिची लाज काढून टाकली. मला विचारशील तर दुसरं काम जास्त अवघड.

तुझे पणजोबा त्याच बोर्डिंगात होते. भाकरी थापायचे, असं स्वतः अभिमानानं सांगायचे. आणि घरी? मी कळती झाल्यापासून त्यांना स्वतःचं ताट उचलताना कधी पाहिलं नाही. पहिली पंगत पुरुषांची, उष्टी काढायची बायकांनी, मग बायका बसणार. बोर्डिंगात जे भूषण होतं ते घराच्या उंबऱ्यापाशी संपलं, कारण घरात करायला दुसरं कुणीतरी होतं. चोकोरुआची मुलं सप्टेंबरात घरी परतल्यावर काय झालं असेल असं तुला वाटतं? नोकर तर तिथेच होते.

तेव्हा मराठी मुलगे काम करतात का, तर करतात. जिथे बायका नसतात तिथे नक्की करतात. जरा कडू आहे, पण तू विचारलंस.

सगळीकडे असंच नाही. कॉलेजात असताना मी चंद्रपूरकडे सोमनाथला गेले होते, बाबा आमट्यांच्या श्रमसंस्कार छावणीला. विदर्भातला मे महिना, कुदळ, फावडं, घमेली. मुलं-मुली एकाच रांगेत माती वाहायची आणि जेवल्यावर आपापलं ताट आपण घासायची. तिथे कुणी मुलांचं कौतुक केलं नाही, मुलींचंही नाही. तुझ्या कॅम्पमध्ये मला एवढंच कमी वाटतं. सगळे मुलगेच असले की भांडी घासणं सोपं असतं.

राहता राहिली आजी. ती तुला अडवते त्यात निम्मी माया आहे: वर्षातून एकदा येणारा नातू, त्याला कामाला काय लावायचं. उरलेलं निम्मं तपासायचं असेल तर आठव, तुझ्याच वयाची तुझी मामेबहीण शेजारी बसली होती. तीही सुट्टीला मुंबईहून आलेली, तीही पाहुणीच. तिला कुणी "राहू दे गं" म्हणालं का? तिनं आपलं उचललं, आणि जाता जाता तुझंही.

डिसेंबरात जाऊ तेव्हा आजीला "आमच्या अमेरिकेत" असं काही ऐकवू नकोस, तिला लागेल आणि उपयोगही होणार नाही. बोर्डिंगातल्या पणजोबांचं नाव सांग. नुसतं आपलं ताट उचलून थांबू नकोस, पंगतीतली चार उष्टी काढ, मामालाही ओढ. मामा कुरकुरेल. खरकटं आधी एका पातेल्यात काढायचं, मोरीत टाकायचं नाही, नाहीतर आजीचं म्हणणं खरं ठरेल, की पुरुषांच्या कामानं कामच वाढतं.

चिवडा मागितलायस, पण तुमच्याकडे खाऊ पाठवायला परवानगी नाही. भेटीच्या रविवारी आणते, शेंगदाणे न घालता केलेला. ओले मोजे ट्रंकेत कोंबू नकोस.

तुझी,
आई