जॉन बार्डीन यांना फिजिक्सचं नोबेल दोनदा मिळालं, मग त्यांचं नाव कोणाला माहीत का नसतं?

मी म्हापशाला एमआरआय टेक्निशियन आहे, त्यामुळे बार्डीन माझ्या रोजच्या कामातलेच. पेशंट विचारतात, मशीन अजून चालू नाही ना, मग घड्याळ राहू दे हातात? मी सांगतो, मावशी, ह्यातलं चुंबक कधी बंदच नसतं, रात्री लाइट गेली तरी चालूच. आत नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचं वेटोळं उणे २६९ डिग्रीच्या पातळ हेलियममध्ये बुडालेलं असतं, एकदा करंट सोडला की तो फिरतच राहतो कारण तारेला रेझिस्टन्सच, म्हणजे करंटला होणारा अडथळाच, उरत नाही. हीच सुपरकंडक्टिव्हिटी.

१९११ ला लायडनमध्ये कामरलिंग ऑनेस यांच्या लॅबमध्ये ती पाऱ्यात सापडली, पण असं का होतं ते पुढची ४६ वर्षं कोणालाच धड सांगता येईना, भल्याभल्यांनी हात टेकले. बार्डीननी मात्र ते कोडं डोक्यातून कधी काढलं नाही. मधे १९४७ ला सहकारी ब्रॅटनबरोबर ट्रान्झिस्टर, म्हणजे करंट वाढवणारा किंवा चालू-बंद करणारा छोटा इलेक्ट्रॉनिक भाग, केला, त्याचं नोबेल १९५६ ला शॉकलेसकट तिघांना मिळालं. पण १९५० मध्येच त्यांना कळलं होतं की पाऱ्याचे अणू जड घेतले तर ज्या तापमानाला रेझिस्टन्स जातो तेसुद्धा खाली येतं. म्हणजे इलेक्ट्रॉन एकटे काही करत नाहीत, अणूंच्या थरथरण्याचा ह्यात हात आहे! इलेक्ट्रॉन जाताना आजूबाजूचे पॉझिटिव्ह अणू जरासे ओढून घेतो, त्या ओढलेल्या जागेकडे मागचा दुसरा इलेक्ट्रॉन खेचला जातो, आणि एरवी एकमेकांना ढकलणाऱ्यांची जोडी जमते. ही जोडी बार्डीनबरोबर काम करणाऱ्या लिऑन कूपरनी दाखवली.

पण जोड्या अब्जावधी, त्यांचं गणित कसं मांडायचं? आपल्याकडे गोव्यात शिगमोत रोमटामेळ, म्हणजे ढोलावर नाचत जाणारी मिरवणूक, बघा, गर्दीत एकटा माणूस दहा जणांना धडकत जातो पण ढोलाच्या ठेक्यावर अख्खा मेळ एका पावलाने निघाला की मधल्या एकालाच अडवणं जमत नाही. ह्या एका पावलाचं गणित बार्डीनच्या श्रीफर नावाच्या विद्यार्थ्याला १९५७ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या सबवेत सुचलं. त्याआधी तो तर कंटाळून विषयच बदलणार होता, पण १९५६ चं नोबेल घ्यायला स्टॉकहोमला निघताना बार्डीननी त्याला सांगितलं की अजून एक महिना दे. मला त्यांच्या आयुष्यातली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, ट्रान्झिस्टरपेक्षाही.

आणि थिअरी तयार झाल्यावर फिलाडेल्फियाच्या सभेत ती मांडायला बार्डीन स्वतः गेले नाहीत, कूपर-श्रीफर ह्या पोरांना श्रेय मिळावं म्हणून. तिघांच्या नावांवरून बीसीएस म्हणतात तीच ही थिअरी, तिला १९७२ ला नोबेल मिळालं. त्याआधी त्यांना घोर काय, तर एकाच विषयाचं नोबेल एका माणसाला दोनदा देत नाहीत, मग माझ्यामुळे ह्या दोघांचं राहून जाईल की काय.

आता तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर, माणूस कमी बोलणारा, हळू आवाजाचा, गोल्फ खेळायचा आणि इलिनॉय युनिव्हर्सिटीत शिकवायचा, स्वतःबद्दल सांगत फिरणं त्याला जमलंच नाही. वर काम असं की मशीन उघडून दाखवताही येत नाही. १९५६ ला नोबेल घ्यायला ते तीन मुलांपैकी एकालाच घेऊन गेले तेव्हा स्वीडनच्या राजाने त्यांना टोकलं, तर म्हणाले पुढच्या वेळी सगळ्यांना आणतो. १९७२ ला तिघांना घेऊन गेले.