शेजारच्या आजोबांचे 112 चाकू: घ्यावेत का?

प्रश्न: आम्ही ड्युसेलडॉर्फजवळ राहतो. मी 37 वर्षांचा, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी कामगारांचा नोकरीशी जोडलेला राहण्याचा परवाना). पत्नी अर्धवेळ नोकरी करते, मुलगी चार वर्षांची आहे. महिन्याचा खर्च साधारण 3,200 युरो. बचत खात्यात 14,000 युरो आहेत आणि दरमहा 400 युरो शेअरच्या इंडेक्स फंडात जातात. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी जवळच्या झोलिंगनमध्ये, चाकू-सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात, आयुष्यभर घडीचे चाकू जुळवण्याचं काम केलं. आता ते वृद्धाश्रमात जाणार आहेत आणि त्यांचा 112 चाकूंचा संग्रह मला 8,500 युरोंना देऊ करत आहेत. इंटरनेटवर असे चाकू दीडशे-अडीचशे युरोंना दिसतात, म्हणजे संग्रह किमान सतरा हजारांचा असावा. त्यांच्या मुलांना तो नको आहे. त्यांच्या नादाने मलाही चाकूंचं वेड लागलं आहे, त्यातही सांबरशिंगाच्या मुठीचे मला फार आवडतात. संग्रहाची यादी सोबत जोडली आहे. मुलीच्या शिक्षणासाठीची गुंतवणूक म्हणून सगळा संग्रह घेऊ का? काही वर्षांनी पुण्याला परतायचा विचार आहे.

उत्तर: नमस्कार. सगळा संग्रह घेऊ नका. त्यातले सात-आठ चाकू जरूर घ्या, पण ते छंद म्हणून, आणि पैसे बचत खात्यातून न काढता. असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण तुमचा प्रश्न मनापासून आलेला आहे आणि झोलिंगनच्या चाकूंवर जीव जडणं मी समजू शकतो.

आधी ते 14,000 युरो. तुमच्या खर्चाने ते चार महिन्यांहून थोडे जास्त पुरतात. त्यातून 8,500 काढले तर 5,500 उरतील, म्हणजे पावणेदोन महिनेसुद्धा नाहीत. गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात जर्मनीत सध्या नोकरकपात चालू आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. ब्लू कार्डवर नोकरी गेली तर दुसरी शोधायला काही महिन्यांचीच मुदत मिळते. अशा वेळी घरभाडं चाकूंनी भरता येत नाही. हा पैसा कशालाच लावायचा नाही, चाकूंना नाही आणि फंडालाही नाही. उलट तो सहा महिन्यांच्या खर्चापर्यंत, म्हणजे 19,000च्या आसपास न्यायला हवा.

आता सतरा हजारांचा हिशेब. इंटरनेटवर दिसते ती विकणाऱ्याची अपेक्षा. ईबेवर 'विकल्या गेलेल्या वस्तू' एवढ्याच दाखवायची सोय आहे. ती लावून आजोबांच्या यादीतले वीस चाकू एकेक करून शोधा, त्याच छापाचे आणि त्याच अवस्थेतले. मग खरा आकडा कळेल. तुम्हाला मिळणारा भाव आहे 112 नगांना सरासरी 76 युरो. संग्रहात पाच-दहा नग उत्तम असतात आणि बाकीचे भरताड, हे जवळजवळ प्रत्येक संग्रहाचं खरं आहे. तुमच्या यादीत उडी मारणाऱ्या मांजराचा छाप असलेले के-55 मर्केटर नऊ आहेत. हा चाकू पहिल्या महायुद्धाआधीपासून जर्मन सैनिकांच्या खिशात होता, त्याचा इतिहास मोठा आहे. पण तो आजही झोलिंगनमध्ये ओटर नावाची कंपनी बनवते आणि साधा नवा नग पन्नास युरोंच्या आत मिळतो. अगदी जुना, न वापरलेला नग असेल तर गोष्ट वेगळी. तसा नसेल तर त्याला 76 युरो देणं महाग आहे.

मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत चौदा वर्षं आहेत. 8,500 युरो वर्षाला 5 टक्क्यांनी वाढले असं नुसतं गृहीत धरलं, तर चौदा वर्षांनी साधारण 16,800 होतात. संग्रहाला तेवढं गाठायचं तर 112 पैकी प्रत्येक चाकू, भरताडासकट, सगळा खर्च वजा जाता दीडशे युरोंना विकला जायला हवा. फंडाची हमी कोणी देत नाही, हे खरं. पण फंड एका दिवसात विकता येतो. 112 चाकू विकायचे म्हणजे 112 वेळा फोटो काढणं, वर्णन लिहिणं, घासाघीस करणं आणि पार्सल बांधणं. कॉलेजची फी भरायच्या महिन्यात हे होणार नाही.

तुमच्या यादीत अमेरिकेसाठी बनवलेले बरेच नग आहेत: फायटिंग रूस्टर, बुलडॉग, जर्मन आय. हे झोलिंगनचेच आहेत आणि कामही सुंदर आहे, पण त्यांचे खरे चाहते अमेरिकेत आहेत. 2025च्या ऑगस्टअखेरपर्यंत तिथे 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला जकात नव्हती. ती सवलत आता संपली आहे. तुमचा सगळ्यात चांगला गिऱ्हाईक आता जकातीपलीकडे बसला आहे. शिवाय चाकूंचे संग्राहक बहुतेक वयस्क आहेत आणि त्यांचे संग्रह येत्या काळात बाजारात येतील, असा माझा अंदाज आहे. आजोबांच्या स्वतःच्या मुलांनाही हे नको आहेत, म्हणूनच ते तुमच्याकडे आले ना?

तरीही या वस्तूंना किंमत आहे, आणि ती नेमकी कशात आहे हे तुम्हाला ओळखता आलं पाहिजे. झोलिंगन हे नाव 1938पासून कायद्याने संरक्षित आहे. सध्याचा नियम 1994चा आहे. त्यानुसार घडवण्याचे महत्त्वाचे टप्पे त्या परिसरात पार पडले असतील तरच पात्यावर ते नाव येतं. म्हणून ब्योकर कंपनीचा छाप, चेस्टनटचं झाड, दिसला एवढ्यावर खूश होऊ नका. 1869पासूनच्या या कंपनीच्या स्वस्त मालिका जर्मनीबाहेर बनतात. पात्याच्या बुडाशी 'झोलिंगन' आहे का, ते पाहा. वयाचा अंदाजही तिथल्याच छापावरून येतो. ब्रिटनने 1887 साली आणि अमेरिकेने 1890 साली परदेशी मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यामुळे नुसतं 'जर्मनी' लिहिलेले नग त्या सुमारापासूनचे. 'वेस्ट जर्मनी' असेल तर जर्मनीच्या फाळणीनंतरचा आणि 1990च्या आधीचा. 1944च्या नोव्हेंबरात बाँबहल्ल्यांत शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला आणि ब्योकरचा कारखानाही महायुद्धात गेला. त्यामुळे युद्धाआधीचे नग, अवस्था चांगली असेल तर, खरोखर मोलाचे असतात.

अवस्था म्हणजे चकाकी नव्हे. वारंवार धार लावून अरुंद झालेलं पातं, यंत्रावर पॉलिश केलेलं पातं, बदललेली मूठ, यांनी भाव पडतो. कार्बन पोलादावर चढलेला करडा थर चालतो, खड्डे पाडणारा गंज चालत नाही. चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं ठेवलेल्या चाकूला गंज चढतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुन्या सेल्युलॉइडच्या (एक जुनं प्लॅस्टिक) मुठींकडे नीट पाहा. कासवाच्या पाठीसारख्या किंवा मोतिया रंगाच्या त्या मुठी दिसायला देखण्या, पण म्हाताऱ्या झाल्या की त्यांतून आम्लयुक्त वाफ सुटते आणि त्याच पेटीतले शेजारचे चाकूही गंजून जातात. मूठ आक्रसलेली असेल, तडकली असेल किंवा पेटी उघडताच उग्र वास येत असेल, तर तो नग फुकट मिळाला तरी दुसऱ्यांजवळ ठेवू नका.

यादीत लिहिलेले तीन बटण दाबून उघडणारे चाकू अजिबात घेऊ नका, घरी आणूही नका. 2024च्या ऑगस्टमध्ये झोलिंगनच्या साडेसहाशेव्या वर्धापनदिनाच्या उत्सवात चाकूहल्ल्यात तीन माणसं मारली गेली. त्यानंतर 31 ऑक्टोबर 2024पासून जर्मनीत असे चाकू, थोडे अपवाद सोडले तर, जवळ बाळगायलाच बंदी आली. ते विनाशिक्षा जमा करायची मुदतही 1 ऑक्टोबर 2025ला संपली. आजोबांना हे बहुधा ठाऊक नसेल. सामान हलवायच्या आधी त्यांनी किंवा त्यांच्या मुलांनी वकिलाला अथवा शस्त्र परवाना कार्यालयाला फोन करावा, हे त्यांना शांतपणे सांगा. ज्या वस्तूचा व्यवहार एका कायद्याने रातोरात थांबू शकतो, तिच्यावर मुलीची फी अवलंबून ठेवू नये, हे माझ्या 'नाही'मागचं एक मोठं कारण आहे.

हस्तिदंती मुठीचे दोन नग आहेत, तेही सोडा. युरोपीय संघात 2022पासून हस्तिदंताच्या जुन्या वस्तूंच्या व्यवहाराला प्रमाणपत्र लागतं आणि भारतात त्या नेण्याचा विचारही करू नका. सांबरशिंगाचं दुखणं जास्त गुंतागुंतीचं आहे. झोलिंगनला चांगलं शिंग वर्षानुवर्षं भारतातून जायचं. 1990च्या दशकाच्या अखेरीस भारताने ती निर्यात थांबवली आणि जुन्या भारतीय शिंगाच्या मुठींना भाव चढला. तुम्हाला आवडलेले चाकू त्यातलेच आहेत, आणि निवड चांगली आहे. पण सांबर भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. पुण्याला परतताना हे नग सामानात टाकून निघू नका. आधी लेखी विचारणा करा, नाहीतर ते जर्मनीतच विका.

कराचं थोडक्यात. जर्मनीत खासगी वस्तू वर्षभरानंतर विकली तर नफ्यावर कर नाही. वर्षाच्या आत विकली तर अशा विक्रींचा वर्षाचा एकूण नफा 1,000 युरोंच्या खाली असेल तरच माफ, आणि मर्यादा गाठली की सगळाच करपात्र. पण विकण्याच्या हेतूने एकगठ्ठा 112 नग घेऊन एकेक विकत बसलात, तर कर कार्यालय त्याला धंदा म्हणू शकतं, आणि मग ही सूट राहत नाही. वर्षात 30 विक्री झाल्या किंवा 2,000 युरोंच्या वर गेलात, की विक्रीचं संकेतस्थळ तुमची माहिती आपणहून कर कार्यालयाला कळवतं.

मग करायचं काय? यंदाच्या बोनसमधून 900 युरो बाजूला काढा आणि आठ चाकू निवडा. आजोबांनी कारखान्यात स्वतःच्या हातांनी जुळवलेले नग कोणते, ते त्यांनाच विचारा. पातं, स्प्रिंग, मूठ आणि रिव्हेट जुळवणारा कारागीर स्वतः सांगतो की हा चाकू माझ्या हातचा, ही माहिती कोणत्याही लिलावात मिळत नाही. ते काय सांगतात ते त्यांच्या परवानगीने फोनवर रेकॉर्ड करा आणि प्रत्येक नगाबरोबर एक चिठ्ठी ठेवा. नगाला सरासरी 112 युरोंच्या आसपास पडतील. संग्रहाच्या सरासरीपेक्षा हे जास्त आहे आणि तेच योग्य आहे, कारण तुम्ही त्यातले उत्तम उचलताय. तिथे घासाघीस करू नका.

उरलेल्यांसाठी आजोबांना मदत करा. जुन्या हत्यारांचे आणि चाकूंचे लिलाव करणाऱ्या दोन-तीन संस्थांना फोटो पाठवून कमिशनवर विक्रीचा अंदाज मागवा. त्यांना वृद्धाश्रमाचा खर्च भागवायचा आहे, आणि 8,500 हा आकडा त्यांनी अंदाजानेच ठरवलेला दिसतो. तो जास्त असेल तर तुम्ही वाचलात, आणि कमी असेल तर त्यांना जास्त मिळायला हवं.

तुमच्या आठ चाकूंचा साधा लेखी करार करा: प्रत्येकाचा छाप, फोटो, किंमत, दोघांच्या सह्या आणि मुलांपैकी एकाची साक्षीदार म्हणून सही. वारसांशी पुढे वाद नको. त्याच फोटोंची एक प्रत घरसामानाच्या विमा कंपनीला पाठवा आणि हे नग विम्यात धरलेत का, ते लेखी मागा. मुलीच्या शिक्षणासाठी दरमहाचे 400 चालू ठेवा, आणि बचत 19,000 झाली की ते 500 करा. आणि एखाद्या रविवारी तिला झोलिंगनच्या ग्रेफ्राथ भागातल्या क्लिंगन म्युझियममध्ये, म्हणजे पात्यांच्या संग्रहालयात, घेऊन जा. आजोबांची तब्येत साथ देत असेल तर त्यांनाही बरोबर न्या.