तिनं चाळ बांधली की तिनं चाळ बांधले?

प्रश्न असा होता की राहायची चाळ, कांदा साठवायची चाळ, पायातले घुंगरांचे चाळ, शिवाय ‘पीठ चाळ’ मधलं चाळ, एवढे अर्थ एकाच शब्दाला असताना ऐकणाऱ्याचा गोंधळ का होत नाही.

होतो की कधीकधी! मी नाशिकचा, आजोळ निफाडकडं, त्यामुळं चाळ म्हटलं की मला आधी कांदाच दिसतो. वळवाच्या पावसात मामाचा फोन आला, चाळ पडली म्हणून, तर मी लगेच विचारलं उन्हाळ कांदा किती भिजला, आणि तेच मी गिरगावातल्या मावशीला सांगितलं तर ती घाबरून म्हणाली, अरे देवा, आत कोण कोण होतं? ज्याच्या कानावर जो अर्थ जास्त पडलेला त्याला तो आधी सापडतो.

पण बाकीचे अर्थही क्षणभर जागे होतात. डेव्हिड स्विनी या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये इंग्रजीतल्या ‘बग’ वर प्रयोग केला, म्हणजे किडा आणि चोरून ऐकायचं यंत्र. वाक्य सरळसरळ किड्यांचं असलं तरी शब्द कानावर पडताच ‘मुंगी’ आणि ‘हेर’ दोन्हीकडचे शब्द लोकांना स्क्रीनवर पटकन ओळखू आले, तीनच अक्षरं पुढं गेल्यावर मात्र फक्त मुंगीकडचा. इतक्या झटपट निवड होते की आपल्याला पत्ताही लागत नाही.

२००२ मध्ये रॉड, गॅस्केल आणि मार्सलेन-विल्सन या संशोधकांनी दाखवलं की अर्थ एकमेकांच्या नात्यातले असले तर शब्द लवकर ओळखता येतो, अगदी परके असले तर उशीर लागतो. आता बघा, राहायची चाळ आणि कांदाचाळ सख्ख्याच आहेत, दोन्ही लांबलचक, ओळीनं खण असलेल्या. घुंगरांचे चाळ मात्र परके, माझ्या मते तो वेगळाच शब्द धरावा, कारण त्याचं लिंगही वेगळं आहे.

आणि मला मराठीचं खरं कौतुक इथंच वाटतं. ‘तिनं चाळ’ एवढं ऐकून काहीच ठरत नाही, ‘तिनं चाळ बांध’ पर्यंतही नाही, दोन्हीकडं क्रियापद तेच. पुढं ‘ली’ आलं की मळ्यात कांदा साठवायची सोय झाली, ‘ले’ आलं की ती लावणीला उभी राहिली.