स्टॉलवरचं कापड, धुण्यानंतरचं कापड

नव्या हंगामाची कापड प्रदर्शनं पाहून आलेल्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. रिसायकल्ड धागा, वनस्पतीपासूनचं 'लेदर', पीएफएएसमुक्त (पाणी झटकण्यासाठी वापरली जाणारी फ्लुओरिनयुक्त रसायनं नसलेलं) पावसाळी कापड, डिजिटल छपाई असे विषय निरनिराळे असले तरी बहुतेकांची अडचण एकच आहे. स्टॉलवर जे हाताला लागलं, ते घरी आलेल्या ताक्यात सापडत नाही. म्हणून पहिल्याच प्रश्नाला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : लायोसेल (लाकडाच्या लगद्यापासून केलेला तंतू) आणि कॉटनचं मिश्र शर्टिंग प्रदर्शनात अगदी लोण्यासारखं मऊ लागलं. माल आला तो राठ. शिवलेले शर्ट तीन-चार धुण्यांनंतर कॉलरच्या कडेला पांढुरके दिसू लागले. पुरवठादार म्हणतो, कापड तेच आहे. – लहान ब्रँड चालवणारी एक वाचक

उत्तर : पुरवठादार खोटं बोलतो असंच नाही. सूत तेच असेल, वीणही तीच असेल. फरक बहुधा फिनिशमध्ये, म्हणजे कापडावर शेवटी केलेल्या प्रक्रियेत आहे. प्रदर्शनात टांगलेले नमुने थोड्या मीटरमधून, निगुतीने तयार केलेले असतात, आणि त्यांवर सिलिकॉनचं सॉफ्टनर सढळ हाताने दिलेलं असू शकतं. हजारो मीटरच्या लॉटला ते प्रमाण कमी पडलं की हात लगेच फरक सांगतो. भरपूर सिलिकॉन दिलेलं कापडसुद्धा काही धुण्यांत आपल्या मूळ पोतावर येतं.

स्टॉलवर उभ्या-उभ्या करता येईल अशी एक तपासणी आहे. कापडावर पाण्याचा एक थेंब ठेवा. नीट धुऊन तयार केलेलं कॉटन तो काही सेकंदांत पिऊन टाकतं. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर वर सिलिकॉनचा किंवा दुसऱ्या कशाचा तरी थर आहे. थेंब मुरला म्हणून सिलिकॉन नाहीच असं मात्र समजू नका, कारण पाणी शोषणारी सिलिकॉनंही मिळतात. म्हणून खरी परीक्षा धुण्याचीच.

त्यासाठी हातभर तुकडा पुरत नाही, एक मीटर नमुना मागा. काठापासून आत सरकून ६० सेंमी × ६० सेंमी तुकडा कापा. धुतलं तरी न जाणाऱ्या पेनाने मधोमध ५० सेंमीचा चौकोन आखा आणि ताण्याची दिशा बाणाने दाखवा. ग्राहक जसं धुणार तसंच धुवा, म्हणजे तो यंत्रात धुणार असेल तर यंत्रात. न ताणता आडवं पसरून वाळवा, चार तास तसंच राहू द्या आणि मग मोजा. ५० चे ४८.५ झाले तर आटणं ३ टक्के, ४७.५ झाले तर ५ टक्के. ताणा आणि बाणा वेगवेगळे मोजा. दोन्हींचा आकडा क्वचितच सारखा येतो. सिंगल जर्सी (टी-शर्टचं विणीचं कापड) असेल तर चौकोन तिरका झाला का तेही पाहा. सुताच्या पिळात साठलेला ताण पाण्यात सुटतो आणि टी-शर्टची बाजूची शिवण पोटावर सरकते. हा दोष कितीही जपून बेतलं तरी शिंप्याच्या हातून सुटणारा नाही. तो सुतातच आहे. असं पाच वेळा धुतल्यानंतर जो स्पर्श उरेल, तो तुमच्या शर्टाचा स्पर्श.

वजनही स्वतः घ्या. १० सेंमी × १० सेंमीचा तुकडा १.८ ग्रॅम भरला तर कापड १८० जीएसएमचं, म्हणजे दर चौरस मीटरला १८० ग्रॅम. इथे ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. १ ग्रॅमच्या पायरीने मोजणारा स्वयंपाकघरातला काटा या कामाला निरुपयोगी आहे, कारण १ ग्रॅमची चूक म्हणजे १०० जीएसएमची चूक. एका जागी नको, तिरप्या रेषेत पाच जागी तुकडे घेऊन सरासरी काढा. ठरलेल्या वजनाच्या ५ टक्के वर-खाली व्यवहारात चालतं. त्यापुढे गेलं तर बोला.

आता कॉलरच्या पांढुरकेपणाबद्दल. तो लायोसेलचा स्वभाव आहे. ओल्या अवस्थेत घासला की हा तंतू लांबीच्या दिशेने चिरतो आणि त्याचे बारीक-बारीक पापुद्रे वर येतात. भिंगातून पाहिलंत तर दुमडीवर धुक्यासारखी लव दिसेल. त्यावरून प्रकाश विखुरतो, म्हणून गडद रंग तिथे फिका भासतो. रंग गेलेला नसतो. कॉलरची कड, कफ आणि खिशाचं तोंड इथे घर्षण जास्त, म्हणून सुरुवात तिथून होते. पुढच्या ऑर्डरला दोनांपैकी एक मागा : कमी चिरणारा, क्रॉसलिंक केलेला (आतल्या साखळ्या एकमेकींना जोडलेला) लायोसेल, किंवा रंगाईच्या टप्प्यात एन्झाइमने लव काढून घेतलेलं कापड. शर्टाच्या लेबलवर 'उलटा करून, थंड पाण्यात, यंत्रात गर्दी न करता धुवा' एवढं लिहिलंत तरी तक्रारी कमी होतील.

प्रश्न : रिसायकल्ड पॉलिएस्टर खरंच रिसायकल्ड आहे हे जाळून ओळखता येतं का? – एक शिवणकाम शिक्षिका

उत्तर : नाही. जाळल्यावर पॉलिएस्टर वितळतं आणि काळी, टणक गोळी उरते. नवं असो की बाटल्यांपासून केलेलं, रसायन तेच. ही परीक्षा कॉटन आणि पॉलिएस्टर वेगळं ओळखायला चांगली. कॉटन कागदासारखं जळतं आणि मऊ राख सोडतं.

इथे भरवसा कागदांवरच ठेवावा लागतो, आणि नेमकी तिथेच फसगत होते. स्टॉलवर टांगलेलं असतं ते स्कोप सर्टिफिकेट. ते फक्त एवढंच सांगतं की ही गिरणी प्रमाणित माल करू शकते. तुमच्या हातातला माल प्रमाणित आहे हे सांगणारा कागद म्हणजे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट. त्यावर विकणारा, घेणारा, मालाचं वर्णन आणि वजन असतं. ते बिलाशी ताडून पाहा. बिलावर ८०० किलो आणि प्रमाणपत्रावर ३०० किलो असेल तर उरलेल्या ५०० किलोंबद्दल कोणीही काही हमी दिलेली नाही.

टक्केवारीही नीट वाचा. ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड हे प्रमाणपत्राचं मानक किमान २० टक्के रिसायकल्ड मालाला लागू होतं, पण ग्राहकापुढच्या लेबलवर त्याचं चिन्ह लावायला ५० टक्के लागतात. रिसायकल्ड क्लेम स्टँडर्ड ५ टक्क्यांपासूनच सुरू होतं. 'प्रमाणित रिसायकल्ड' या दोन शब्दांच्या पोटात एवढं अंतर मावतं.

रिसायकल्ड कॉटनचा प्रश्न वेगळा. जुनं कापड आणि कतरण यंत्रात पिंजली की तंतू तुटून आखूड होतात. आखूड तंतूंचं सूत कमजोर आणि गाठाळ, म्हणून त्यात नवं कॉटन किंवा पॉलिएस्टर मिसळावंच लागतं. तलम शर्टिंगमध्ये 'शंभर टक्के रिसायकल्ड कॉटन' कोणी दाखवलं तर कागद दोनदा तपासा. जाड सुताच्या स्वेटशर्टला आणि डेनिमला मात्र ते शोभतं. गोळे येण्याची चाचणी आधी करून घ्या. पाचपैकी ३ पेक्षा कमी श्रेणी आली तर ते कापड घासल्या जाणाऱ्या जागी वापरू नका.

प्रश्न : वनस्पतीपासूनच्या लेदरची बॅग फारशी वापरली नव्हती, कपाटातच होती. तरीही दोन वर्षांत तिचे पोपडे निघाले. असं का?

उत्तर : कारण ती बहुधा पूर्णपणे वनस्पतीची नव्हती. या मालाच्या कित्येक प्रकारांत खाली कॉटन किंवा पॉलिएस्टरचं अस्तर असतं, त्यावर फळांच्या किंवा शेतीतल्या अवशेषांची पूड मिसळलेला पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर आणि सगळ्यात वर आणखी एक संरक्षक लेप. पोपडे निघतात ते पॉलियुरेथेनचे. हवेतली आर्द्रता त्याच्या साखळ्या तोडत राहते. बॅग वापरात असो वा नसो. बंद, दमट कपाटात हे काम वेगाने होतं.

स्टॉलवर तीन प्रश्न विचारा. वनस्पतीचा वाटा किती टक्के, आणि तो कशाचा, फक्त वरच्या थराचा की अस्तरासह एकूण वजनाचा? पॉलियुरेथेन कोणतं? पॉलिएस्टर जातीचं लवकर सडतं, पॉलिकार्बोनेट जातीचं जास्त टिकतं. आणि ७० अंश सेल्सिअस, ९५ टक्के आर्द्रतेच्या चाचणीत ते किती आठवडे टिकलं? उत्तर आठवड्यांत मिळालं नाही, 'उत्तम टिकतं' एवढंच मिळालं, तर चाचणी झालेली नाही असंच धरा.

शिवताना टाका ३.५ ते ४ मिमी ठेवा. जवळजवळ टाके घातले की शिवण टपाल तिकिटाच्या कडेसारखी फाटते. टाचण्या नकोत, त्यांची भोकं बुजत नाहीत, क्लिपा लावा. कापड घडी न घालता गुंडाळून ठेवा. आणि अगदी नव्या पदार्थावर अख्खा संग्रह बेतण्याआधी पुरवठा चालू राहील का ते विचारा. बुरशीच्या जाळ्यापासूनचं मायलो खूप गाजलं होतं, पण ते बनवणाऱ्या बोल्ट थ्रेड्स कंपनीने २०२३ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं.

प्रश्न : पीएफएएस नसलेलं पावसाळी जाकीट सुरुवातीला छान होतं, आता पाणी शोषतं. हे तंत्रच कच्चं आहे का?

उत्तर : कच्चं नाही, पण त्याची निगा वेगळी आहे. जुने फ्लुओरिनयुक्त लेप पाणी आणि तेल दोन्ही झटकत. नवे लेप पाणी झटकतात, तेल नाही. मानेचा घाम-तेलकटपणा, सनस्क्रीन, धुण्यात राहिलेला साबण यांचा थर बसला की थेंब गोल न राहता पसरतो. वरचं कापड भिजलं म्हणजे आतल्या पटलातून पाणी आलं असं नाही. पण ओल्या कापडातून घामाची वाफ बाहेर पडत नाही, आणि आत गार व दमट वाटतं. 'गळतंय' अशी तक्रार बहुतेकदा याचीच असते.

उपाय : द्रव साबणाने धुवा, सॉफ्टनर अजिबात नको. दोनदा खळबळा. पूर्ण वाळल्यावर लेबल परवानगी देत असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर २० मिनिटं फिरवा, किंवा वर पातळ कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवा. उष्णतेने लेप पुन्हा जागेवर येतो. तरीही थेंब टिकत नसेल तर मग पाणीरोधक फवारा.

खरेदी करताना स्प्रे टेस्टची (कापडावर पाणी फवारून करायच्या चाचणीची) श्रेणी दोन आकड्यांत मागा : नव्या कापडाची आणि २० धुण्यांनंतरची. १०० म्हणजे काहीच भिजलं नाही, ५० म्हणजे वरची बाजू पूर्ण भिजली. नव्याला १०० आणि धुतल्यावर ५० असणाऱ्या कापडापेक्षा ९० वरून ८० वर येणारं कापड कितीतरी चांगलं. जुन्या लेपाकडे परतण्याचा विचार मात्र सोडा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून आणि फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२६ पासून कपड्यांतल्या पीएफएएसवर बंदी लागू झाली आहे, आणि ती योग्यच आहे. हे पदार्थ निसर्गात विघटित होत नाहीत.

प्रश्न : कुठलं प्रदर्शन कधी पाहावं? रंगांचे अंदाज किती आधी कळतात?

उत्तर : आधी रंग, मग सूत, मग कापड, असा क्रम आहे. १९६३ साली स्थापन झालेल्या इंटरकलरमध्ये निरनिराळ्या देशांचे तज्ज्ञ हंगामाच्या साधारण दोन वर्षं आधी रंगांवर चर्चा करतात. फ्लॉरेन्सच्या पित्ती फिलाती प्रदर्शनात जानेवारीत पुढच्या वर्षाच्या उन्हाळ्याचं सूत दिसतं. पॅरिसच्या प्रीमिएर व्हिजनमध्ये कापड साधारण वर्षभर आधी येतं. कापड यंत्रांचं इत्मा हे प्रदर्शन दर चार वर्षांनी भरतं. २०२३ ला मिलानमध्ये झालं, २०२७ ला हॅनोव्हरमध्ये आहे. कंटाळवाणं वाटलं तरी दूरचं दिसतं ते यंत्रांतच. एकही शिवण न घालता अख्खा स्वेटर विणणारं शिमा सेकी या जपानी कंपनीचं होलगार्मेंट तंत्र १९९५ च्या इत्मात आलं, आणि दुकानांत त्याचे स्वेटर नेहमीचे व्हायला पुढे बरीच वर्षं लागली.

रंगाचा नमुना घेताना तो दिवसाच्या आणि दुकानातल्या, अशा दोन्ही उजेडांत पाहा. कॉटन आणि पॉलिएस्टरचे रंग निराळ्या जातींचे असतात, त्यामुळे स्टॉलवर जुळलेला सदरा आणि अस्तर बाहेर उन्हात फटकून दिसू शकतात.

प्रश्न : डिजिटल पिगमेंट छपाईत काळा रंग हाताला लागतो. गिरणी म्हणते हे असंच असतं.

उत्तर : थोडं असतं, पण हाताला लागण्याइतकं नसावं. पिगमेंट तंतूच्या आत शिरत नाही. बाइंडर त्याला वर चिकटवून ठेवतो. तो पक्का व्हायला साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअस उष्णता काही मिनिटं लागते. यंत्राचा वेग वाढवून ती मिनिटं वाचवली की रंग सुटतो. पांढरं सुती कापड बोटाला गुंडाळून दाब देऊन १० वेळा पुढे-मागे घासा. एकदा कोरडं, एकदा ओलं करून पिळलेलं. कोरड्यालाच डाग पडला तर छपाई पुन्हा तापवून घ्यायला सांगा. फक्त ओल्याला पडला तर गडद, सलग भाग कमी करा. बाइंडर वाढवूनही पक्केपणा येतो, पण कापड पुठ्ठ्यासारखं होतं.

प्रश्न : 'एकाच तंतूचा कपडा' हा विचार पटला. शंभर टक्के कॉटनची जाकिटं शिवून मग रंगवली, तर टाके पांढरेच राहिले!

उत्तर : दोरा पॉलिएस्टरचा होता. कॉटनचा रिअॅक्टिव्ह रंग त्याला चढत नाही. सुती दोरा वापरा, पण तो कमजोर असतो, म्हणून एक पायरी जाड घ्या आणि ताण सैल ठेवा. दोरा आणि कापड सारखं आटतं का हे एक बाही शिवून, रंगवून आधी पाहा. दोरा जास्त आटला तर शिवण चुणते. मग बकरम, खिशाचं कापड, लेबल, इलॅस्टिक, झिपची पट्टी एकेक तपासा. कॉलरमधलं चिकटवायचं बकरम पुष्कळदा पॉलिएस्टरचं असतं, आणि तिथेच 'एक तंतू' हा दावा मोडतो.

ताणासाठी इलॅस्टेन (रबरासारखा ताणणारा धागा) घालायचा मोह होईल. त्याचा थोडासा अंशही कपडा रिसायकल करताना पिंजणीत अडथळा आणतो. त्याऐवजी बाण्याला जास्त पीळ दिलेलं कॉटन मागा. ते थोडंच ताणतं, म्हणून तपासा : २० सेंमीची खूण करून वजन टांगा, १० मिनिटांनी काढा, अर्ध्या तासाने मोजा. खूण २०.६ सेंमीच्या पुढे राहिली तर पँटचे गुडघे फुगतील. ते कापड जाकिटालाच ठेवा.

या सगळ्याची नोंद आतापासून ठेवा. युरोपीय संघाचा इकोडिझाइन नियम १८ जुलै २०२४ पासून अमलात आहे आणि त्यातून कपड्यांना डिजिटल पासपोर्ट, म्हणजे कपडा कशाचा आहे हे सांगणारी डिजिटल नोंद, येणार आहे. दोरा कोणत्या लॉटचा, बकरम कशाचं, रंग कोणत्या जातीचा, हे वर्षभराने आठवत नाही. प्रत्येक नमुन्याचा धुतलेला आणि न धुतलेला तुकडा एकाच कार्डावर शेजारी-शेजारी स्टेपल करा आणि खाली तारीख, जीएसएम, आटण्याची टक्केवारी लिहा.